आइसलँडिक शिकताना : 'मला' जमलं, 'थ' जमेना

पोळपाट

मंडळी, रेक्याविकला येऊन आठ महिने झाले. एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जाते. दुकानात, बसमध्ये इंग्रजीवर भागतं, त्यामुळे वर्षानुवर्षं राहून भाषा न शिकलेलेही भेटतात. माझं तसं भागत नाही. माझी गिऱ्हाइकं तीन-चार वर्षांची आहेत.

वर्गात बरेचसे पोलिश, तिघी फिलिपिनो, एक अमेरिकन मुलगा आणि मी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'म्येर एर खाल्त'. शब्दशः 'मला आहे थंड'. अमेरिकन हटून बसला. थंडी वाजतेय ती मला ना, मग वाक्यात 'मी' कुठाय? बाई समजावून दमल्या. मी मनात म्हटलं, अरे बाबा, मला थंडी वाजते, मला कंटाळा येतो, मला वाटतं, मला आवडतं, यात न कळण्यासारखं काय आहे! कंटाळा येतो म्हणजे 'म्येर लेइद़िस्त', वाटतं म्हणजे 'म्येर फ़िन्स्त'. सगळीकडे आपला 'मला'. वर तीन लिंगं : हान, हून, थ़ाद़, म्हणजे तो, ती, ते. मूल त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी. त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

ते लवकरच लागले. आधी लिहिण्याची सोय सांगते. त्यांच्या वर्णमालेत ३२ अक्षरं. त्यात रोमन पीला वर शेंडी फुटल्यासारखं एक आहे, त्याचं नाव थ़ोर्त्न. त्यासाठी मी 'थ'खाली टिंब देतेय. जीभ दातांत धरून हवा सोडायची, इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखी. त्याचाच घोष (म्हणजे गळा थरथरवून काढायचा) जोडीदार एद़, तो 'द'खाली टिंब. 'फ'खाली टिंब म्हणजे दात ओठावर टेकवून काढलेला. 'ग'खाली टिंब म्हणजे घशात घासलेला.

तर परवा पोरांना गोष्ट सांगत होते. 'ओग़ थ़ाउ', म्हणजे 'आणि मग'. मी म्हटलं 'ओग़ थाउ', आपला साधाभोळा 'थ'. समोरच्या पोरीने मोजा काढला आणि पायाचं बोट वर करून दाखवलं. 'थाउ' म्हणजे पायाचं बोट. पुढच्या प्रत्येक 'आणि मग'ला तिने बोट हलवलं. गोष्ट संपेपर्यंत चार पोरं अनवाणी.

इथे कुणी ही भाषा शिकलंय का? उच्चारांचं काय करायचं? आणि नामांना मागून शेपट्या लागतात त्यांचं काय?

चुरमुरे

वाचतेय. ती अनवाणी पोरं डोळ्यांसमोर आली.

आकुरेइरीकर

पोळपाट, सहा वर्षं उत्तरेत काढली आहेत, तेव्हा थोडं सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा 'थ' चुकीचा नाही, तो चुकीच्या जागी बसलाय. त्यांचा टी हाच आपला 'थ' आहे. 'धन्यवाद' म्हणजे थाह्क. आपण शाळेपासून टी म्हणजे ट आणि डी म्हणजे ड असं शिकलो, ते इथे विसरायचं. या भाषेत ब, ड, ग हे घोष वर्ण जवळपास नाहीतच. लिहिलेला बी म्हणजे प, डी म्हणजे त, जी म्हणजे क. लिहिलेला पी म्हणजे फ (फळातला, एफ नव्हे), टी म्हणजे थ, के म्हणजे ख. इंग्रजी बोलणाऱ्यांना प आणि फ यातला फरक कानाला कळतच नाही. आपण 'पळ' आणि 'फळ', 'काल' आणि 'खाल' रोज वेगळं म्हणतो. पुण्या-मुंबईत हल्ली फळालाही एफने फोडतात, त्यांनी गावाकडच्या आजीला आठवावं.

म्हणून गाडी लिहिताना बीने सुरू होते, म्हणताना 'पीत्ल'. पुस्तक 'पोउक'. बाबांना पोरं जी हाक मारतात ती लिहायला बरीचशी आपल्या 'पपा'सारखी, ऐकायला 'फाप्पी'. आणि निरोप घेताना बाय बाय नाही, 'पाय पाय'. तुमच्या पोरांना पायांचं एवढं वेड का, ते यावरून कळावं.

तोंडासमोर कागदाचा कपटा धरा. 'थाला' (बोलणं) म्हणताना कपटा हलला पाहिजे, 'ताग़ुर' (दिवस) म्हणताना हलता कामा नये, आणि दोन्ही वेळा गळा सुरुवातीला थरथरता कामा नये.

आता एक कुरापत. हे शब्दाच्या सुरुवातीला. मधे आलं की दक्षिण आणि उत्तर वेगळी होतात. केकला शब्द आहे तो लिहिताना आपला 'काका'. रेक्याविकला त्याचा उच्चार 'खाका', पहिला ख, दुसरा क. आमच्या आकुरेइरीत जुनी माणसं अजून 'खाखा' म्हणतात. दक्षिणेच्या बोलण्याला मऊ आणि आमच्या बोलण्याला कडक असं त्यांचंच नाव आहे. तुम्ही राजधानीत आहात, मऊच धरा. केक तसाही मऊ बरा.

पोळपाट

कपटा हलला! नवरा म्हणतोय दिवा विझवतेयस का.

पण 'थाह्क'मधला तो 'ह' काय आहे? लिहिलेला तर कुठेच नाही. आणि शब्दाच्या सुरुवातीला एच-एन लिहिलेला असतो तो म्हणजे आपला न्हावीतला 'न्ह' ना?

आकुरेइरीकर

न्हावी जवळ जातो, पण पोचत नाही. गळ्यावर बोट ठेवून 'न्हावी' म्हणा, थरथर लागेल. त्यांच्या 'ह्न'मध्ये ती सुरुवातीला नाही, नुसती नाकातून हवा. ल्ह आणि ऱ्ह यांचंही तेच. थंडीत नाक शिंकरण्यापूर्वी जो आवाज येतो, तो साधारण तसा.

'थाह्क'मधला ह हा या भाषेतला सगळ्यात देखणा प्रकार आहे. पीपी, टीटी, केके अशी जोडाक्षरं आली, किंवा पी-टी-केनंतर एल-एन आले, की आधी एक उसासा टाकायचा. सफरचंद 'एह्प्ली', पाणी 'वाह्त्न', मुलगी 'तोउह्तिर'. कसं शिकवावं ते मला नेमकं सांगता येत नाही, कानावर पडून पडून बसलं.

निवृत्त_मास्तर

नमस्कार. मला आइसलँडिकचा गंध नाही. तीस वर्षं मराठी शिकवलं, त्या अधिकारात बोलतो.

हा उसासा म्हणजे विसर्ग की हो! 'प्रातःकाल', 'अंतःकरण' हे शब्द नीट म्हणून पाहा, म्हणजे 'प्रातक्काल' असं घाईने नव्हे. क येण्याआधी जो श्वास सुटतो तोच तुम्ही सांगताय. 'थाःक' लिहा आणि मोकळे व्हा.

आणि पोळपाटबाई, तिथे 'ते दोघे', 'त्या दोघी' कसं म्हणतात हो? सहज कुतूहल.

पोळपाट

मास्तर, विसर्गाला दंडवत! आज कामावर 'थाःक' म्हटलं, स्वयंपाकीणबाईंनी वर पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दोघांचं विचारलंत आणि मी वही काढून बसले. दोघे 'पाउद़िर', दोघी 'पाउद़ार', आणि बाई-पुरुष मिळून असतील तर 'पाइद़ी', म्हणजे नपुंसकलिंग. 'ते' अनेकवचनी 'थ़ेइर', 'त्या' 'थ़ाइर', आणि मिश्र घोळका असेल तर 'थ़ॊइ', तेही नपुंसकलिंग. (ती ओची मात्रा विचित्र लिहिलीय कारण स्वर विचित्र आहे. तोंडात 'ए' म्हणायचा आणि ओठ 'ओ'सारखे करायचे.) इंग्रजीवाल्यांना हे पाठ करावं लागतं. बाईंनी विचारलं, नवराबायको दोघं बसली असतील तर कुठलं लिंग? मी उत्तर देऊन मोकळी. त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं?

निवृत्त_मास्तर

कळणारच. 'ती दोघं आली.' 'दोघं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि स्त्री-पुरुष मिळून असले की आपण तेच वापरतो. घरात रोज बोलतो आणि वर्गात विचारलं की पोरं म्हणतात, सर, माणसं नपुंसक कशी?

दोघे-दोघी-दोघं, तिघे-तिघी-तिघं, चौघे-चौघी-चौघं. पुढे संपलं. पाचांना 'पाचजण' म्हणायचं, नाहीतर 'पाचजणी'. त्यांचं कितीपर्यंत जातं?

पोळपाट

मास्तर, अंगावर काटा आला. चारपर्यंतच! एक ते चार या आकड्यांना तीन लिंगं, पाचपासून एकच रूप.

फरक एवढा की आपण हे माणसांपुरतं ठेवलंय आणि ते वस्तूंनाही लावतात. आमच्याकडे सकाळी फळांची वेळ असते. केळं पुल्लिंगी, पेअर स्त्रीलिंगी, सफरचंद नपुंसकलिंगी. म्हणजे दोन केळी 'थ्वेइर', दोन पेअर 'थ्वाइर', दोन सफरचंदं 'थ्वॊ'. ताट घेऊन गेले की पोरं मला तपासतात. मी पेअरला 'थ्वेइर' म्हटलं की सगळी एकदम, 'थ्वाइर!' वर्गातल्या बाईंपेक्षा ही मास्तरकी कडक आहे. आणि घड्याळातले दोन, घराचा नंबर दोन, हे नपुंसकलिंगी. नुसतं एक-दोन-तीन मोजायचं तर पुल्लिंगी.

ठोकपाल

यात नवल काय? सगळं संस्कृतातूनच गेलेलं आहे. भ्रातृ, दुहितृ, त्रि. त्यांना 'जननी' माहीत नाही एवढंच.

लिपिका

ठोकपाल, जननी नाही, बहिणी. आणि नातं 'ऐकायला सारखं' यावर ठरत नाही, फरक नेमाने पडतो यावर ठरतं. आपल्याकडे त तर त्यांच्याकडे थ़ोर्त्न : त्रि आणि थ़्रीर, त्वम् आणि थ़ू. आपल्याकडे प तर त्यांच्याकडे फ़ : पितृ आणि फ़ाद़िर, पाद आणि फ़ोउतुर. आपल्याकडे द तर त्यांच्याकडे टी : द्वौ आणि थ्वेइर, दंत आणि थॊन.

हा नेम आधी नीट मांडणाऱ्यांपैकी एक होता रास्मुस रास्क, डेन्मार्कचा. १८११ साली त्याने आइसलँडिकचं व्याकरण छापलं, १८१३ ते १८१५ आइसलँडमध्ये राहिला, आणि १८१८ साली त्याचा जुन्या नॉर्सच्या, म्हणजे आइसलँडिकच्या आईच्या, उगमावरचा निबंध आला. या नेमाला जर्मनीच्या याकोब ग्रिमचं नाव मिळालं, पण ग्रिमने ते १८२२ मध्ये लिहिलं. आता मजा बघा : हाच रास्क १८२० मध्ये इराणमार्गे मुंबईत येऊन थडकला, पारशांकडून त्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या पोथ्या मिळवल्या आणि पुढे सिलोनला गेला. म्हणजे आइसलँडिकचं व्याकरण लिहिणारा माणूस मुंबईच्या रस्त्यांवरून हिंडलाय, पोळपाटच्या दोनशे वर्षं आधी, उलट्या दिशेने.

भटक्या_भाऊ

अवांतर: आम्ही दहा दिवस गाडीने बेट फिरलो. विमानतळाचं नाव केफ्लाविक असं वाचत गेलो, तिथे ऐकलं 'ख्येप्लावीक'. आग्नेयेला होफ्न नावाचं गाव आहे, छोट्या शेवंडांसाठी (लॉबस्टर) नावाजलेलं. मी हॉटेलात 'होफ्न, होफ्न' करतोय आणि त्यांना काही कळेना. शेवटी बायकोला उचकी लागली तर ती बाई म्हणाली, हां, हॊप्न!

आणि तो २०१० साली विमानं बंद पाडणारा ज्वालामुखी कुणी म्हणून दाखवेल का?

आकुरेइरीकर

भाऊ, एफनंतर एल किंवा एन आला की त्याचा प होतो, म्हणून ख्येप्लावीक, हॊप्न, आणि 'नाव' म्हणजे 'नाप्न'. दोन स्वरांमधे एफचा व होतो.

ज्वालामुखी : एइया-फ्यात्ला-यॊकुत्ल. बेटं, डोंगर, हिमनदी असे तीन शब्द चिकटवलेत. पहिल्या अक्षरावर जोर, नेहमीच. दोन एल लागोपाठ आले की 'त्ल'. 'बाटली' म्हणताना ट-ल पाशी थांबा, जीभ हलवू नका, दोन्ही गालांकडून हवा सोडा. बातम्या देणाऱ्यांनी हे 'जोकुल' करून ठेवलं. त्यांच्याकडे 'ज' नाहीच, जे म्हणजे य. आणि 'झ' लिहायचा झेड १९७३ साली काढून टाकला, कारण उच्चार स-च होता. आपण ऋ आणि ष काढायचे म्हटलं तर काय होईल ते मास्तरांना विचारा.

निवृत्त_मास्तर

मास्तर या विषयावर मौन पाळतील.

पोळपाट

धागा वर काढतेय, कारण ज्या 'मला'वर मी एवढी फुशारले होते त्यानेच दगा दिला.

निबंध लिहायचा होता, 'मला काय करावंसं वाटतं'. मी सगळीकडे 'म्येर' घातलं. परत आला तर लाल रेघा. थंडी वाजते ते 'म्येर', पण इच्छा होते ते 'मिग़ लाउंकार'. हवं आहे 'मिग़ वांतार'. स्वप्न पडलं 'मिग़ त्रेइम्ती'. हेही 'मला', पण द्वितीयेतलं! म्येर चतुर्थी, मिग़ द्वितीया.

आणि वरकडी म्हणजे 'मला कळत नाही' याला सरळ 'मी' : 'येग़ स्क्यिल एह्क्यी'. जिथे 'मला' हमखास हवं तिथे नाही.

निवृत्त_मास्तर

शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' दोनदा म्हणायला लावायचो, एकदा द्वितीया, एकदा चतुर्थी. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, सर, दोन्ही सारख्याच तर वेगळ्या कशाला? मी म्हणायचो, अर्थ वेगळा. तुम्ही आता त्या प्रश्नाचा दंड भरताय.

आकुरेइरीकर

पोळपाट, मनाला लावून घेऊ नका. इथली माणसंही हीच चूक करतात. 'मिग़ लाउंकार'च्या जागी 'म्येर लाउंकार' म्हणणारे इतके आहेत की त्याला नावच पडलंय, थ़ाउग़ुफ़ाल्स-सीक्यी. म्हणजे 'चतुर्थीचा आजार'. शाळेत मुलांचा तो आजार बरा करायला मास्तर लोक आयुष्य वेचतात. आपल्या भाषेत दोन्हींना 'ला', तेव्हा आपण जन्मजात रोगी. माझ्या मते तर बोलताना खुशाल म्येर म्हणा, अगदी स्थानिक वाटाल. लिहिताना जपा.

विभक्त्या चारच आहेत, घाबरू नका. पोरांना घोडा शिकवतात तोच शिका : ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ़्राउ हेस्ती, थिल हेस्त्स. हा घोडा, घोड्याबद्दल, घोड्यापासून, घोड्याकडे.

पोळपाट

घोडा पाठ आहे. घोडा पेंड खातो कुठे तर शेपटीला. 'घोडा' हेस्तुर, आणि 'तो ठरावीक घोडा' म्हटलं की शेवटी 'इन' लागतं, हेस्तुरिन. ठीक. पण मग ती शेपटीही चालते : हेस्तिन, हेस्तिनुम, हेस्त्सिन्स. घोडाही बदलतो आणि शेपटीही. चार विभक्त्या, दोन वचनं, शेपटीसकट आणि शेपटीविना, एका घोड्याची सोळा रूपं. आणि आपल्याकडे 'ठरावीक' दाखवायला वेगळं काही चिकटवतच नाही, त्यामुळे मी एकतर विसरते, नाहीतर सगळ्यांना लावत सुटते. परवा 'दूध हवंय का' विचारायचं तर 'ते दूध हवंय का' असं झालं. पोरगा विचारतोय, कुठलं?

लिपिका

रूपांसाठी 'बीन' वापर. आउर्त्नी माग्नुसॉन संस्थेचा शब्दरूपांचा साठा आहे, जालावर फुकट. कुठलाही शब्द टाक, सगळी रूपं तक्त्यात. धड्यांसाठी आइसलँड विद्यापीठाचं 'आइसलँडिक ऑनलाइन', तेही फुकट. विशेषणांच्या पानाकडे मात्र पहिल्या वर्षी फिरकू नकोस.

निवृत्त_मास्तर

शब्दाच्या पोटातही बदल होतो का? आपल्याकडे कापूस, कापसाचा. बहीण, बहिणीचा.

पोळपाट

होतो मास्तर. पुढे 'उ' आला की आधीच्या 'आ'चा तो विचित्र 'ॊ' होतो. एक खाका, पण अनेक 'खॊकुर'. कधी कधी 'उ' पूर्वी होता, आता झिजला, तरी बदल राहिलाय : एक मूल 'पार्त्न', अनेक मुलं 'पॊर्त्न'. कापूस-कापसाची सवय असल्यामुळे मला याचा त्रास होत नाही, मजाच वाटते.

त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. इथे अहो-जाहो नाही. 'आपण'सारखा शब्द एके काळी होता, आता फक्त जुन्या पुस्तकांत. आमच्या साठीच्या मुख्याध्यापिकेला सगळे पहिल्या नावाने आणि 'थ़ू' म्हणजे 'तू'. आडनाव बहुतेकांना नसतंच, बापाचं किंवा आईचं नाव आणि पुढे मुलगा-मुलगी. पहिले दोन महिने मी त्यांना कर्ता नसलेली वाक्यं बोलत होते. "चहा... हवाय?"

चुरमुरे

सासूबाईंशी मी आजही तशीच बोलते.

आकुरेइरीकर

पोळपाट, एक राहिलं. 'यायया' ऐकलंत का?

पोळपाट

दिवसातून शंभर वेळा! काम सुरू करताना 'यायया', संपलं की 'यायया', पोराने दूध सांडलं की लांबवून 'याआयया', पाहुण्याने उठावं म्हणून गुडघ्यावर हात आपटून 'यायया'. वर्गात अर्थ विचारला तर बाई हसल्या. मग मीच ओळखलं, हे आपलं 'बरं' आहे. 'बरं, निघू?', 'बरं बरं', 'बरंऽऽ, म्हणजे असं आहे तर.'

आणि 'हो' म्हणताना बायका श्वास आत ओढून 'याउ' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं बाईंच्या छातीत कळ आली. मी पाणी आणायला धावले. आता तीनदा पाणी आणून झाल्यावर कळलंय.

आज फळांच्या वेळी दोन पेअर, दोन केळी, दोन सफरचंदं, एकही चूक नाही. मग म्हटलं, हीच वेळ आहे, जीभ दातांत धरली आणि म्हटलं 'ओग़ थ़ाउ...'. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि तरीही मोजा काढला.